ओमचं एम.टेक. आणि एमबीए

ती. आई-बाबांस, सा. न.

ओम एम.टेक.सोबतच एमबीएही उरकायचं म्हणून राहिला आणि बाबांना ते पटलंय, हे फोनवर कळलं. नियमात बसतं. 2022 पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एका वेळी दोन पदव्यांना मोकळीक दिली आहे. एक नियमित, दुसरी दूरशिक्षणाने, असंही चालतं. तरी माझं ऐकाल तर ती दोन वर्षं एमबीएला नाव घालू देऊ नका.

दूरशिक्षणाचं एमबीए इग्नूतून (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून) धरलं, तर तिथल्या परीक्षा जून आणि डिसेंबरला. डिसेंबरची त्याच्या सेमिस्टरच्या शेवटाला खेटते, दुसऱ्या वर्षीची जूनची प्रबंधाच्या धांदलीत सापडते. स्वाध्याय आधी दिले नाहीत तर पेपरच देता येत नाही. शिवाय गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेच्या) गुणांवर मिळणाऱ्या महिन्याच्या 12,400 रुपयांच्या स्टायपेंडसाठी आठवड्याला आठ-दहा तास विभागाची कामं असतातच.

बाबा, त्याला पदवीपेक्षा हिशेब हवा आहे. समजा बुटीबोरीतल्या कारखान्याला 10 लाखांचा नवा स्क्रू कॉम्प्रेसर (हवा दाबून देणारं मशीन) घ्यायचा आहे. वर्षाला 3 लाखांची वीज वाचेल, 5 वर्षं. इंजिनीअर म्हणतो, सव्वातीन-साडेतीन वर्षांत पैसे वसूल. पण पैसा 12 टक्क्यांनी उचलला तर त्या बचतीचं आजचं मूल्य (पुढे मिळणाऱ्या पैशातून व्याज वजा करून आज उरणारी किंमत) 10.81 लाख, म्हणजे फायदा जेमतेम 81 हजार. 16 टक्क्यांना तेच 9.82 लाख, म्हणजे तोटा. मशीन तेच! आता उलट बाजू. हे 3 लाख आले कुठून? बहुतेक वेळा कॅटलॉगातल्या पूर्ण भाराच्या आकड्यावरून. कारखान्यात कॉम्प्रेसर निम्मा वेळ अनलोड, म्हणजे हवा न देता नुसताच, फिरतो, आणि तेव्हाही पूर्ण भाराच्या पाव ते तिसरा हिस्सा वीज ओढतच असतो. बचत अडीच लाखांवर आली की 12 टक्क्यांनाही आजचं मूल्य 9.01 लाख, सौदा बुडाला. हे नुसत्या एमबीएवाल्याला दिसत नाही. त्याआधी आठवडाभर मीटर लावून भार मोजायला हवा, आणि ते काम मेकॅनिकलवाल्याचं.

म्हणून नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनीअरिंग संस्थेत मिळालंच तर हीट पॉवरपेक्षा इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग घ्यावं. ऑपरेशन्स रिसर्च, गुणवत्ता नियंत्रण तिथे अभ्यासाचाच भाग आहे. फायनान्स एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर) करावा. प्रबंधाचा विषय हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यातला असावा, आणि त्यात रुपयांचं एक प्रकरण हवंच. गाईड कुरकुर करतील, करू द्या.

कॅटची, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेशपरीक्षेची, घाई नको. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, कॅटचा त्याच वर्षापुरता. दोन-तीन वर्षं नोकरी झाली की नागपुरात मिहानमधलं आयआयएम घरापासून लांब नाही. आई, तुला तेच हवंय, मला माहीत आहे.

तरीही तो हट्टाला पेटलाच, तर फी भरण्याआधी विभागाकडून एक गोष्ट लेखी आणायला सांगा: स्टायपेंड चालू असताना दुसऱ्या पदवीला नाव घातलेलं चालतं का. तोंडी 'हो' वर जाऊ नका.

तुमची,
ताई (ओमची)