स्वप्नातल्या नद्यांचे नुसते फोटो नकोत

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जगभरातल्या फ्लाय फिशिंगच्या ठिकाणांवर अख्खं पान छापलंत त्याबद्दल आधी थँक्यू, कारण मराठी पेपरात गळवाल्यांना एवढी जागा मिळणं म्हणजे आम्हाला लॉटरीच लागली, नाहीतर आमच्यावर बातमी येते ती तलावात मगर दिसली की! आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर तेच पान फिरत होतं. कोण पॅटागोनिया म्हणतंय, कोणाला मंगोलियात जाऊन ताइमेन मासा पकडायचाय, एकाला सेशेल्सच्या उथळ पाण्यात जायंट ट्रेव्हली माशाच्या मागे धावायचंय आणि त्याला साधं पोहता येत नाही. सगळी धमाल. पण लेख दोनदा वाचला तरी माझं काही समाधान झालं नाही म्हणून हे पत्र.

लेखात लॉजचं वर्णन आहे, हेलिकॉप्टर आहे, संध्याकाळची वाईन आहे, मसाजसुद्धा आहे. पण तिथे मासा अजून का शिल्लक आहे आणि तो तसा राहावा म्हणून तिथल्या लोकांनी काय केलंय, यावर एक ओळ नाही. अहो खरं बघण्यासारखं तेच आहे ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण पवईला किंवा धरणावर जो गळ टाकतो त्यात शिसं किंवा आमिषाचं वजन दोरी ओढत नेतं. फ्लायमध्ये उलटं, फ्लाय म्हणजे गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजनच नसतं, वजन असतं ते जाड दोरीत, ती मागे-पुढे हवेत खेळवून सोडायची आणि शेवटी किडा पाण्यावर अलगद बसला पाहिजे. जोरात आपटला की मासा गुल. आणि या परदेशी खेळात आपला सह्याद्री पहिल्यापासून आहे बरं का! स्कॉटलंडमधल्या सॅमन माशासाठीच्या जुन्या पद्धतीच्या फ्लायवर जे पांढरे-पिवळे मेणासारखे चकचकीत ठिपके दिसतात ते आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस असतं. आता तो पक्षी संरक्षित आहे, निर्यातीवर बंदी आहे आणि ते बरंच झालं, पण आपल्या साध्या गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आजही जगभरच्या फ्लायच्या दुकानांत 'इंडियन केप' म्हणून मिळतात. मी स्वतः आमच्या चिकनवाल्याकडून मान मागून आणतो, मीठ लावून वाळवतो, घरचे नाक धरतात, तो विषय वेगळा.

तर माझं स्वप्न न्यूझीलंडचं, दक्षिण बेटाचं. तुमच्या लेखात त्यावर चारच ओळी होत्या आणि त्यातली दीड ओळ हेलिकॉप्टरवर. तिथलं पाणी इतकं नितळ की आधी मासा बघायचा, मग दोरी सोडायची. गाईड पुढे चालतो, पोलराइज्ड गॉगल लावून एकेक दगड न्याहाळतो आणि म्हणतो तो बघ, आणि आपल्याला नुसते दगडच दिसतात. मग दहा-पंधरा मिनिटं वाकून, कधी रांगत, माशाच्या मागून यायचं, कारण तो तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. दिवसभरात सात-आठ मासे दिसले आणि त्यातला एखादा लागला तरी माणूस खूश. मजेची गोष्ट म्हणजे तिथल्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात काही वर्षी भरमसाट बिया धरतात, त्या खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, रात्री नदी पोहून पलीकडे जायला लागतात आणि आपण ज्याच्यामागे जातो तो ट्राउट मासा त्यांना गटागट गिळून फुगतो. अशा वर्षी लोक हरणाच्या केसांचा उंदीर बनवून गळाला लावतात आणि साडेचार-पाच किलोच्या माशांची स्वप्नं बघतात. शिवाय तिकडचा सीझन बऱ्याच नद्यांवर १ ऑक्टोबरला उघडतो, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीत बसतो. पैसे बसत नाहीत एवढंच.

आता मुद्द्यावर येतो. हा ट्राउट न्यूझीलंडचा नाहीच. १८६४ मध्ये इंग्लंडहून बर्फात, शेवाळात गुंडाळून अंडी जहाजाने टास्मानियाला नेली आणि तिथून १८६७ मध्ये ती न्यूझीलंडला आली. इंग्रज माणूस जाईल तिथे आपला मासा घेऊन जायचा, तसाच काश्मीरलाही आणला. पण पुढे काय केलं बघा. न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकायला बंदी आहे, कुठल्या हॉटेलात तुम्हाला ट्राउटची प्लेट मिळणार नाही, खायचा तर स्वतः पकडा. मासेमारीचा हक्क विकायलाही बंदी, म्हणजे नदीकाठच्या शेतकऱ्याकडे त्याच्या शेतातून जायची परवानगी मागायची, तो नाही म्हणू शकतो, पण मासे धरू देतो म्हणून पैसे घेऊ शकत नाही. आणि फिश अँड गेम नावाची जी यंत्रणा हे सगळं बघते ती लायसन्सच्या पैशावर चालते, लायसन्सवाल्यांनाच तिच्या कौन्सिलसाठी मतदान करता येतं. गळवाला मतदार! आपल्याकडे कोणाला सांगितलं तर हसतील.

आणि कडक किती ते बघा. २००४ मध्ये तिथल्या एका नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, दगडांवर घाणेरड्या लोकरीसारखं पसरतं. ते एका नदीतून दुसरीत जातं बुटाला चिकटून, म्हणून २००८ पासून फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या तळव्याचे पाण्यात उतरायचे बूट बंदच करून टाकले. एअरपोर्टवर वापरलेला रॉड, बूट, पिसं सगळं डिक्लेअर करावं लागतं, बुटाला चिखल असला तर धुवायला लावतात. माझ्या चिकनवाल्याची मान तिथून काही पुढे जाणार नाही हे मला आत्ताच माहितीये. लेखात हे लिहिलं असतंत तर एखाद्याचे जुने बूट घेऊन जायचे तरी वाचले असते.

आइसलँडची तऱ्हा वेगळी. तिथे सॅमनचा हक्क काठावरच्या शेतकऱ्यांचा, त्यांच्या संघटना आहेत आणि प्रत्येक नदीवर एकावेळी किती रॉड चालतील ते ठरलेलं. चांगल्या नदीवर ऐन सीझनला एका रॉडचा एका दिवसाचा भाव लाखाच्या पुढे जातो, म्हणजे ते श्रीमंतांचं काम, मला ते पटत नाही. पण शेतकऱ्याला नदीतून पैसे मिळतात म्हणून तो नदीवर लक्ष ठेवतो हे मात्र खरं. दोन देश, दोन टोकाच्या पद्धती, पण दोन्हीकडे कोणीतरी नदीचा हिशेब ठेवतंय.

पण तुमच्या पानावर भारत कुठेच नाही, हे कसं काय? काश्मीरमध्ये १८९९ मध्ये आणलेली ट्राउटची पहिली खेप वाटेतच मेली, १९०० मध्ये स्कॉटलंडहून दुसरी आणली ती जगली, आणि आज लिडर, सिंध, कोकरनागची ब्रिंगी या नद्यांचे बीट, म्हणजे ठरलेले पट्टे, पाडलेले आहेत, मत्स्य खात्याकडून परमिट घ्यायचं, आपला बीट घ्यायचा, बस्स. न्यूझीलंडच्या विमानभाड्यात तिथे आरामात जाऊन येता येईल. फक्त मे-जूनमध्ये जाऊ नका, बर्फ वितळून पाणी फुगलेलं आणि गढूळ असतं, पहलगामला टुरिस्टांची जत्रा असते, सप्टेंबर बघा. हिमाचलात तीर्थन आहे. आणि सोनेरी महासीर मासा हवा तर उत्तराखंडातली रामगंगा, महाकाली, त्यासाठी तर परदेशातले लोक वर्षानुवर्षं पैसे साठवून येतात आणि आपण त्यांच्या देशाचे फोटो बघत बसतो.

कावेरीचं तर वेगळंच प्रकरण आहे आणि त्यात महाराष्ट्राचा हात आहे. कर्नाटकातल्या गालीबोरे, भीमेश्वरी, दोड्डमाकली इथल्या कॅम्पवर मोठा महासीर पकडायला जगभरातून लोक यायचे, पकडून परत सोडायचे, आणि पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारे काही जण तिथेच गाईड आणि राखणदार झाले होते. नंतर अभयारण्याच्या नियमात बसत नाही म्हणून ते बंद झालं. नियम असेलही बरोबर, पण राखणदाराचा पगार बंद केल्यावर नदीवर कोण फिरणार याचा विचार कोणी केला का? तिथला तो कुबड्या महासीर, हंपबॅक, त्याला शास्त्रीय नाव २०१८ मध्ये पक्कं झालं आणि तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर आला होता. वाळू उपसा, धरणं, सुरुंग ही कारणं आहेतच, पण एक कारण आपल्या लोणावळ्याचं. वळवणला टाटांच्या हॅचरीत सत्तरच्या दशकापासून निळ्या पंखांच्या महासीरची पिल्लं तयार होतात. अतिशय मोलाचं काम, त्या जातीला त्याचा आधारच झाला. पण तीच पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि तिथे ती इतकी फोफावली की मूळच्या कुबड्याला जागा राहिली नाही, असं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. हेतू चांगलाच होता हो. पण आजही कुठल्या तरी धरणावर पाहुणे हारतुरे घेऊन मत्स्यबीज सोडतात आणि तो फोटो छापून येतो, तेव्हा कुठली जात कुठल्या नदीत सोडली हे तुमचा वार्ताहर विचारतो का?

आता आमचं रडगाणं. महाराष्ट्रात तलाव आणि धरणं मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात आणि त्यांचं पोट त्यावर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हौशी माणसाने परवानगी कोणाकडे मागायची हे कोणालाच धड माहीत नसतं. एका धरणावर संस्थेच्या माणसाने रीतसर पावती फाडली आणि अर्ध्या तासात सिक्युरिटीवाल्याने हाकललं, पावती दाखवली तर म्हणतो ही इथे चालत नाही, साहेबांना भेटा, साहेब शनिवारी नसतात. त्याच पाण्यात पलीकडच्या काठाला दोन पोरं करंट सोडून मासे गोळा करत होती, त्यांना कोणी काही बोललं नाही.

मागणी फार मोठी नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या नदीचा, जिथे आपला महासीर मूळचाच आहे, पाच-सहा किलोमीटरचा पट्टा घ्या, दिवसाला चारच रॉड, फक्त फ्लाय किंवा टोकाला उलटा काटा नसलेला एकेरी गळ, पकडलेला मासा सोडायचा, विणीच्या काळात सगळं बंद, आणि परमिटचे पैसे तिथल्याच गावातल्या राखणदाराला. महाडजवळच्या वाळण कोंडीसारख्या देवाच्या डोहांना मात्र हात लावायचा नाही, तिथे वरदायिनीच्या नावावर गावाने मासा जपलाय आणि आम्ही तिथे रॉड घेऊन जाणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. प्राणिप्रेमी म्हणतील माशाला त्रास होतो. होतो, गळ लागल्यावर त्याला काही गुदगुल्या होत नाहीत, ते मी नाकारत नाही. पण सुरुंग, ब्लीचिंग पावडर आणि करंट यांच्यापुढे चार रॉडचा त्रास किती, हे बघून बोलावं आणि पटलं नाही तर मला तुमच्याच पेपरातून झोडावं, माझी तयारी आहे.

शेवटी एक किरकोळ पण गरजेची गोष्ट. लेखावरच्या मोठ्या फोटोतल्या माणसाने ट्राउट कल्ल्यात बोटं घालून छातीपर्यंत उचललाय आणि खाली ओळ आहे 'पकडा आणि सोडा'. असा धरलेला मासा सोडला तरी वाचेलच असं नाही, कल्ला म्हणजे त्याचं फुप्फुसच. हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, पाण्यालगत धरलेला फोटो पुढच्या वेळी छापा, हवा तर ग्रुपमधून पाठवून देतो, आमचे मासे लहान असतात तेवढं चालवून घ्या.

आपला,
एक गळवाला वाचक,
डोंबिवली (पूर्व)