पन्नास रुपयांचा दंड

पुणे

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मॅडमसाठी तू तयार केलेले तिन्ही मसुदे वाचले. रिटर्नची गर्दी अजून सुरू व्हायची आहे, त्यामुळे नारायण पेठेतल्या ऑफिसात पेन्सिल घेऊन निवांत बसता आलं. आईने फोनवर चुगली केलीच असेल की बाबांनी रेघा ओढल्यात म्हणून. ओढल्यात. शिक्षण, कर आणि प्राणी, तिन्हीवर एकाच अधिवेशनात खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायची ती) आणायची ही तुमच्या खासदारबाईंची हौस मला आवडली. उद्देश आणि कारणांचं निवेदन तू छान लिहिलंयस, जरा जास्तच छान. पण माझी उभी हयात लोकांचे हिशेब तपासण्यात गेली, नजर आधी आकड्यांवरच जाते. तुझे आकडे कच्चे आहेत.

प्राण्यांच्या मसुद्यापासून सुरुवात करतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ तू उतरवून काढलंयसच. मारझोड, पेलणार नाही इतकं ओझं लादणं, उपाशी ठेवणं, यातलं काहीही पहिल्यांदा केलं तर जास्तीत जास्त दंड पन्नास रुपये. १९६० साली टांगेवाल्याला ही रक्कम बोचली असती. आज कर्वे रोडवर चुकीच्या जागी स्कूटर लावली तरी त्याहून कितीतरी जास्त भरावे लागतात. तू पन्नास खोडून पाच हजार लिहिलेस. ठीक, पण वीस-पंचवीस वर्षांनी त्या पाच हजारांचं काय होणार? दुसरी कोणी सई पुन्हा खोडत बसणार?

जुन्या दंडसंहितेतही हाच घोळ होता. कुत्र्यामांजराला ठार मारलं तर आधी ते दहा रुपयांचं होतं की पन्नासचं, ते पाहायचं आणि त्यावर कलम ४२८ की ४२९ ते ठरायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ३२५ मधून जनावराची किंमत गेली आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आली. क्रूरतेच्या कायद्यातले पन्नास रुपये मात्र तिथेच आहेत.

आता गंमत बघ. २०१८ च्या वित्त कायद्याने खासदारांचा पगार महिना एक लाख केला आणि सोबत अशी सोय केली, की दर पाच वर्षांनी तो कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्सप्रमाणे, म्हणजे महागाईच्या सरकारी निर्देशांकाप्रमाणे, आपोआप वाढावा. घर विकणाऱ्या अशिलासाठी आम्ही वापरतो तोच हा इंडेक्स. २०१८-१९ मध्ये तो २८० होता, २०२३-२४ मध्ये ३४८ झाला. भागाकार तूच कर. १ एप्रिल २०२३ पासून पगार १ लाख २४ हजार झाला. मला त्यात काही वावगं वाटत नाही, उलट कायदा लिहावा तर असाच. स्वतःच्या पगारासाठी जी युक्ती सुचली, तीच बैलाला चाबकाने फोडणाऱ्याच्या दंडाला लावायला काय हरकत आहे? तुझ्या मसुद्यात एवढं एकच पोटकलम घाल. मॅडम ते सभागृहात बोलल्या तर हशा होईल, पण कोणाला विरोध करता येणार नाही.

कराचा मसुदा माझ्या धंद्यातला. तू हिंजवडीत नोकरीला होतीस तेव्हा प्रोफेशन टॅक्स महिना दोनशे कापला जायचा आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणून तू चिडायचीस. दिल्लीत हा करच नाही, सुटलीस. त्या तीनशेचं कारण घटनेत आहे: कलम २७६ प्रमाणे वर्षाला कमाल २,५०० रुपये, मग अकरा महिने दोनशे आणि एकदा तीनशे. घटना झाली तेव्हा ही मर्यादा २५० होती, १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने ती दहापट झाली आणि तिथेच थिजली. महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी लावला. कर उत्तम, हेतू उत्तम. पण माझ्याकडचा कंपनीचा डायरेक्टर आणि त्याचाच कारकून, दोघेही तेच अडीच हजार भरतात. तू मर्यादा दहा हजार करतेयस. पुन्हा तेच. आकडा घटनेत कोरू नकोस, पद्धत लिही.

शिक्षणाचं सगळ्यात अवघड. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांसाठी, जातीच्या आरक्षणात न बसणाऱ्या घरांना, आपल्याकडे वर्षाला एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. सोसायटीच्या वॉचमनला महिना बारा हजार मिळतात, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. खरा दाखला काढला तर पोरगं सोडतीच्या बाहेर.

याबाबत आपल्याच गावच्या माणसाकडून शीक. बीएमसीसी रोडवरच्या भारत सेवक समाजाच्या आवारासमोरून तू कॉलेजला जायचीस, त्या समाजाचे संस्थापक गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसनचे मास्तर. मिठावरचा कर मणाला अडीच रुपये असताना १९०२ मध्ये अर्थसंकल्पावर बोलले, की सरकारकडे शिल्लक पडतेय आणि लोक दुष्काळात होरपळतायत. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०७ पर्यंत एकावर. सगळं श्रेय त्यांचं नव्हे, पण सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडायची रीत त्यांची. १९११ च्या त्यांच्या प्राथमिक शिक्षण विधेयकात दहा रुपयांहून कमी मासिक उत्पन्न असलेल्या पालकाला फीमाफी होती, हा आकडा पक्का. पण किती टक्के मुलगे आधीच शाळेत असले की त्या भागात सक्ती लावायची, ते त्यांनी कायद्याखाली सरकारने नंतर करायच्या नियमांवर सोडलं. हुशारी होती. १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं, म्हणून ती कुठे वापरली गेली नाही.

पण नियमांवर सोडण्यातही धोका आहे, हे आपण नुकतंच पाहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुलैत तो रद्द केला, मधल्यामध्ये पालकांचे प्रवेश लोंबकळले. म्हणून उत्पन्नाची मर्यादा कशाला बांधायची ते मूळ कायद्यातच लिही, माझ्या मते राज्याच्या किमान वेतनाला. नियमांकडे फक्त गुणाकार राहू दे.

शुक्रवारी दुपारी रिकाम्या बाकांसमोर हे मांडायचं आणि शेवटचं खासगी विधेयक मंजूर झालं १९७० मध्ये, म्हणून तू वैतागली आहेस. साहजिक आहे. पण मंजूर न होताही विधेयक काम करून जातं. नृत्यांगना आणि खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ मध्ये राज्यसभेत प्राण्यांचं विधेयक आणलं, नेहरूंनी सरकार स्वतः कायदा करेल असा शब्द दिल्यावर मागे घेतलं, आणि कायदा व्हायला १९६० उजाडलं. तुम्हीही आधी अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न टाका: कलम ११ खाली पाच वर्षांत राज्यवार किती खटले, किती दंड वसूल? 'ही माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही' असं उत्तर यायचा संभव दाट आहे. आलं तर तेही जपून ठेव, भाषणात पहिलं वाक्य तेच.

कागद कुरियरने पाठवतो. मॅडमना नमस्कार सांग, रेघा दाखवू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. जुन्या कंपनीचा फॉर्म १६ अजून आला नाही. जुलैअखेर माझ्या मागे लागू नकोस.