पाच वर्षांच्या हमीचं घर अकरा महिन्यांत पोखरलं गेलं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वाळवी प्रतिबंधाचं निकृष्ट काम, नाकारलेली हमी आणि आज फोनवर मिळालेली वागणूक

आज दुपारी तुमच्या सेवा केंद्रातल्या माणसाने फोन ठेवला आणि मी हे लिहायला बसले. वाळवी रोखायला भिंतींच्या कडेने जमिनीत भोकं कशासाठी पाडतात आणि त्यात औषध किती भरतात हे मी तुम्हाला शिकवायला नको, तो तुमचा धंदा आहे. रत्नागिरीतल्या आमच्या घरात त्यातलं काय झालं तेवढं सांगते.

१८ नोव्हेंबर २०२४ ला तुमची दोन मुलं साडेदहाला आली आणि दीडला गेली. पैसे १८,५००, हमी पाच वर्षांची. तीन तासांत ओटी, माजघर, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि पडवी, सगळं झालं म्हणाली. सासूबाईंना दमा आहे म्हणून मी औषधाचं नाव विचारलं, तर “वास येत नाही, काही होत नाही” एवढंच उत्तर मिळालं. पावतीवरही औषधाचं नाव नाही.

यंदा जूनमध्ये मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी देवघरामागच्या भिंतीच्या फटीतून पंखवाली वाळवी निघायला लागली. आम्ही कोकणातली माणसं. वारुळावरची अळंबी शोधत लहानाची मोठी झालेली, पावसाच्या तोंडाला दिव्यावर येणारी वाळवी आम्हाला नवीन नाही. पण ती अंगणातून येते. ही भिंतीतून बाहेर पडत होती. मी दिवा घालवला, सूप धरलं, सुपात पंखांचा थर साचला. त्याच रात्री तक्रार नोंदवली.

तुमचा माणूस आला तो एकोणीस दिवसांनी. त्याने भिंतीवरच्या मातीच्या नळ्या खरवडल्या, वरून फवारा मारला, माझी सही घेतली आणि वीस मिनिटांत गेला. जमिनीत काहीच घातलं नाही. वरच्या नळ्या खरवडून जमिनीतलं वारूळ मरत नाही हे त्याला माहीत नसेल, पण तुम्हाला माहीत आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी माजघराची चौकट पुसत होते. रंग जसाच्या तसा, एक चीर नाही. अंगठ्याने जरा दाबलं तर अंगठा आत गेला. रंगाचा पापुद्रा तेवढा उरला होता, आतलं लाकूड संपून माती भरली होती. देवघराचा मागचा फळा तसाच. ते देवघर फणसाचं आहे, माझ्या आजेसासऱ्यांनी करून घेतलेलं. सुतार म्हणाला, फणसाचं म्हणून इतके दिवस तग धरला. खालच्या कपाटातल्या सासऱ्यांच्या वह्या उचलल्या तर हातात फक्त पुठ्ठे आले.

मग मी टेप घेऊन बसले. आतल्या भिंतींची लांबी ६२ मीटर भरली. दर ३० सेंटिमीटरला एक भोक, असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय, भारतीय मानकातही तेच आहे. त्या हिशोबाने दोनशेच्या वर भोकं हवीत. भिंतीच्या कडेने रांगत मी भोकं बुजवलेले पांढऱ्या सिमेंटचे ठिपके दोनदा मोजले. दोन्ही वेळा ७१. जवळजवळ तीन फुटांवर एक. देवघराखाली एकही नाही, कारण ते हलवायचा त्यांना कंटाळा आला. बाहेरून पायालगत तर काहीच नाही. पाठीवरचा पंप १६ लिटरचा होता आणि तो दोनदाच भरला, पाणी मीच देत होते. मानकात भोकामागे एक लिटरपर्यंत औषध धरलंय. इथे अर्धा लिटरही पडलं नाही, आणि तेही जांभा दगडाच्या घरात, जिथे चिरा स्पंजासारखा पितो.

हे सगळं मी फोटोंसह पाठवलं. त्यावर आज फोन आला. तो जसा झाला तसा लिहिते, कारण तो अजून माझ्या कानातून जात नाही.

पहिलं वाक्य : “काकू, घरात कोणी पुरुष माणूस आहे का? जरा टेक्निकल आहे, त्यांना द्या.”

मी म्हटलं, करारावर सही माझी आहे, पैसे मी दिलेत, बोला.

“बरं. तर काकू, तुमच्याकडची जुनी वाळवी आम्ही मारली. आता आहे ती नवीन वाळवी. शेजारच्या आवारातून आली असणार. हमी जुन्या वाळवीची असते.”

मी विचारलं, हे हमीच्या कागदावर कुठे लिहिलंय? तो गप्प. मग म्हणाला, “सगळंच लिहिलेलं नसतं.” मी विचारलं, तुम्ही ती पाहिलीत का? “फोटो पाहिलेत.” फोटोवरून जुनी-नवी कळते? तर म्हणाला, “तुम्ही आवाज चढवू नका.”

मी आवाज चढवला नव्हता. सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपल्या होत्या, मी हळू बोलत होते. मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, आवाज चढवला की काय होतं ते मला ठाऊक आहे. “तक्रार बंद करतोय, समाधानी असाल तर एक दाबा,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

नवीन वाळवी! दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या माझ्या भाच्याला मी संध्याकाळी विचारलं. तो म्हणाला, पंखवाली वाळवी नव्या वारुळातून निघत नाही, त्याला आधी काही वर्षं वाढावं लागतं. म्हणजे जूनमध्ये आमच्या भिंतीतून जी निघाली ती तुमची मुलं भोकं पाडत होती तेव्हाही त्याच जागी होती. आणि समजा शेजारून आली असती, तरी ती घरात शिरू नये याचेच तुम्ही पाच वर्षांचे पैसे घेतलेत ना? जुनी आणि नवी हा भेद मी काय म्हणून ऐकून घ्यायचा?

मला पंधरा दिवसांत तुमच्याकडून हे हवं आहे. वापरलेल्या औषधाचं नाव, प्रमाण आणि तुमच्या परवान्याचा क्रमांक लेखी. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, परवाना लागतो हे तुम्ही जाणता. संपूर्ण घराला, पायाच्या बाहेरूनसुद्धा, मापाप्रमाणे पुन्हा काम, एकही पैसा न घेता, आणि मी टेप घेऊन शेजारी उभी असेन. चौकट आणि देवघराच्या फळ्याचा सुताराचा खर्च. आणि ज्याने मला पुरुष माणूस आहे का विचारलं, त्याच्या वरिष्ठाची लेखी माफी.

नाही झालं तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला दोन वर्षांची मुदत आहे आणि एवढ्या रकमेला तिथे शुल्कही लागत नाही. वकील मिळाला नाही तर मीच उभी राहीन.

आमच्या आळीतल्या तीन घरांना तुमचं नाव मी सुचवलं होतं. काल त्या तिघींकडे जाऊन मी सांगून आले की भोकं मोजा. एकीकडे मोजली, तिच्याकडेही पावणेतीन-तीन फुटांवर आहेत. मला तिच्यासमोर मान खाली घालावी लागली, ती तुमच्यामुळे.

चौकट काढून पडवीत ठेवली आहे, फेकलेली नाही. तुमचा कोणी जबाबदार माणूस येऊन तिच्यात स्वतःचा अंगठा घालून बघेपर्यंत ती तिथून हलणार नाही.

आपली ग्राहक
(करार क्रमांक आणि ७१ ठिपक्यांचे फोटो सोबत)