टाकी धुतली, तोटीचे काय?

सोमवारी नातवाला शाळेत सोडायला गेलो. रविवारभर बंद असलेल्या पितळी नळाखाली मुले ओंजळ धरून पाणी पीत होती. शेजारी भिंतीवर टाकी धुतल्याची तारीख खडूने लिहिलेली. छानच; पण पाण्यातले विषारी शिसे टाकी धुऊन जात नाही; ते असते बहुधा जुन्या पाइपांत, सांधे जोडणाऱ्या डाखात नि पितळी तोट्यांत. रात्रभर साचलेल्या पाण्यात ते उतरते. ना रंग, ना वास. उकळूनही जात नाही. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. खडकवासल्याचे पाणी पर्वतीला शुद्ध होते, मान्य. नमुना मात्र शाळेच्या तोटीतून, सकाळच्या पहिल्या धारेचा घ्यावा आणि महापालिकेने निकाल त्याच भिंतीवर लिहावा. तोवर शिपाईमामांनी पहिले बादलीभर पाणी झाडांना घालावे.

– एक आजोबा, सदाशिव पेठ, पुणे