भाऊरावांचं काम सोडू नकोस

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर बोललो तेव्हा आजी शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मोकळं बोलता आलं नाही. स्पर्धेसाठी तुम्ही बसवताय त्या 'महानिर्वाण' नाटकातलं भाऊरावांचं काम सोडायचं नाही. संस्थेला नकार कळवला असशील, तर आजच्या आज फोन कर आणि परत मागून घे.

आजींचं म्हणणं तुला माहीतच आहे. जित्या माणसाने तिरडीवर झोपू नये, त्यातून आजोबांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचंय. त्यांच्या जागी त्या बरोबरच आहेत, मी वाद घातला नाही. पण सतीश आळेकरांनी हे नाटक काही कुणाच्या सुतकाची टिंगल करायला लिहिलेलं नाही. १९७४ साली पुण्यात थिएटर अकॅडमीने ते पहिल्यांदा केलं, तेव्हा चंद्रकांत काळे भाऊराव झाले होते. भाऊराव म्हणजे मेलेला माणूस, तो उठून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतो, मला जुन्या स्मशानातच जाळा म्हणून हटून बसतो आणि पोरगा बिचारा मधल्या मध्ये. वाचताना चावट वाटतं खरं. पण मरण झालेल्या घरात जे चालतं, त्यातलं यात काय नाही?

आजोबांच्या दहाव्याला कृष्णाकाठी काय झालं ते आठव. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पिंडाला एकही शिवेना. तुझ्या बाबांनी हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. आत्या म्हणाली, भावाशी भांडणार नाही. काकांनी तर शेताच्या वाटणीचंही कबूल करून टाकलं. कावळे ढिम्म. गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, ते दर्भाचा कावळा करायला निघाले. तेवढ्यात तू मागून पुटपुटलास, 'आजोबा, तुमची लुना विकणार नाही.' आणि आला की कावळा! सगळ्यांत आधी हसल्या त्या आजीच, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतलं पाणी तसंच वाहत असताना. (लुना अजून अंगणात आहे. वाटणीचं मात्र काका विसरले.)

हे आजींना आठवण करून दे असं मी म्हणत नाही. तू स्वतः लक्षात ठेव. घाटावर तू हसवायला म्हणून बोलला नव्हतास, म्हणून तर सगळे हसले. मी कॉलेजात असताना एका हौशी संस्थेचा प्रयोग पाहिला होता. त्यातला भाऊराव प्रत्येक वाक्यानंतर प्रेक्षकांकडे बघून थांबायचा, आता हसा म्हणून. दुसऱ्या अंकापर्यंत लोक चुळबुळ करायला लागले. नाटकात भाऊरावांची बायको रमा 'डावीकडून तिसरा' म्हणते ना, त्या खांदेकऱ्यात ती आपला नवरा बघत असते. तिथेही त्या बाईने डोळे मिचकावले आणि सगळी रया गेली. नवरा गेलेली बाई आहे ती. तुमच्या रमाला हे सांग, पण गोड बोलून सांग.

आणि कीर्तन शिकून घे. टेपवर ऐकून नक्कल नको. नाशिकमध्ये कीर्तनकारांना काय तोटा आहे? एखाद्या बुवांकडे चार दिवस जाऊन बस. चिपळ्या हातात घेऊन बोलता आलं पाहिजे. नवख्याचा हात बोलताना थांबतो आणि हात चालू लागला की बोलणं थांबतं. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, संपला की बुवांना बुक्का लावून हार घालतात, तेव्हा बुवा कसे उभे राहतात तेवढं बघून ये. ऐट असते, पण मान वाकलेली असते. भाऊरावांना ती जमली पाहिजे, कारण मेल्यावरही या गृहस्थाला आपण चारचौघांसमोर उभे आहोत याचाच आनंद जास्त आहे. स्पर्धेचे परीक्षक हे नाटक पाहून पाहून मुरलेले असतील. त्यांना नुसती पगडी आणि उपरणं दाखवून भागणार नाही.

परवा दुपारी निवडत बसलो होतो तेव्हा आजींनी एकदम विचारलं, 'कीर्तन नारदीय आहे का वारकरी?' मी म्हटलं, त्यालाच विचारा. तर म्हणाल्या, 'वारकरी असेल तर मागे टाळकरी लागतील. दोन-तीन पोरांत ते शोभायचं नाही.' मग पुन्हा गवार निवडायला लागल्या. तेव्हा त्यांना तूच फोन कर आणि तिरडीचं काही न बोलता नमनाला काय म्हणावं ते विचार. गणपतीच्या देवळातली कीर्तनं त्यांनी वर्षानुवर्षं ऐकली आहेत, तुझ्या दिग्दर्शकापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल.

साईखेडकर नाट्यगृहातल्या प्रयोगाची तारीख कळली की लगेच सांग, रेल्वेचं रिझर्व्हेशन करावं लागेल. तिकिटं तीन काढ. आजी येणार नाही म्हणतात, पण पहिली रांग नको, मान दुखते, असंही म्हणतात.

तुझी,
आई