डाव्यांची ताकद सातबाऱ्यावर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रीलंकेत २०२४ मध्ये डाव्या विचारांचे अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हापासून ‘डाव्यांची लाट’ हे शब्द पुन्हा वाचायला मिळू लागले. त्याच पानावर ‘भारतातले डावे संपले’ असेही असते. दोन्ही निष्कर्ष केवळ जागा मोजून काढलेले. लोकशाहीत डावे पक्ष सरकारपर्यंत कसे पोहोचतात आणि तिथून कसे घसरतात हे समजून घ्यायचे, तर जमिनीच्या आणि मजुरीच्या नोंदी उघडाव्या लागतात. कूळकायद्याची प्रकरणे पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या कोल्हापूरकरांना हे पटायला जड जाऊ नये.

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे, जमिनीचे मालक मानले गेले. कायद्याने मानले गेले खरे, पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव लागले होते त्याचाच दावा उभा राहिला. तोंडी बोलीवर कसणारे आणि मालकाच्या दडपणाखाली कूळहक्काचा ‘खुशीचा’ राजीनामा लिहून देणारे मागे राहिले.

त्याच आठवड्यात, ५ एप्रिलला, केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद मुख्यमंत्री झाले. १२६ पैकी कम्युनिस्टांच्या ६० जागा, वर पाच अपक्षांचा टेकू आणि मते सुमारे ३५ टक्के. एवढ्या काठावरच्या बहुमतावर आठवडाभरात वटहुकूम निघाला तो कुळांना जमिनीवरून काढण्याला मनाई करणारा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी विधेयक, मग चर्चा असे केले असते तर कायदा येईपर्यंत मालकांनी शेते रिकामी करून घेतली असती. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले, पण मागणी मेली नाही. १ जानेवारी १९७० पासून तिथे कूळपद्धतच रद्द झाली. दुसऱ्याच्या आवारात झोपडी बांधून राहणाऱ्या मजुराला खेड्यात १० सेंटपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने ४ गुंठे, जागा नावावर करून घेण्याचा हक्क मिळाला.

पश्चिम बंगालचे उदाहरण तर अभ्यासक्रमात लावावे असे आहे. पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्याला, म्हणजे तिथल्या बर्गादाराला, कायद्याचे संरक्षण १९७७ च्या आधीही होते. नोंदी मात्र होत नव्हत्या, कारण चौकशीला आलेला महसूल अधिकारी उतरायचा जमीनमालकाच्या ओसरीवर. तिथे जाऊन मालकाविरुद्ध तोंड कोण उघडणार? १९७८ मध्ये हुगळी जिल्ह्यातल्या हालुसाई इथे अधिकाऱ्यांना वाटेकरी आणि शेतमजुरांसमोर बसवले गेले, आणि पुढची पद्धत त्यातून ठरली. वाटेकरी जास्त असलेला भाग आधी निवडायचा. संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर, त्यांच्याच वस्तीत बैठक घ्यायची आणि नावे टिपायची. मग शेतावर जाऊन, मालकालाही बोलावून, सगळ्यांदेखत पडताळणी करायची. यादी लावायची, हरकती ऐकायच्या आणि दाखला हातात द्यायचा. त्याआधी कायद्यात दुरुस्ती करून पुराव्याचे ओझे उलटे केले होते: कसणारा वाटेकरी नाही, हे मालकाने सिद्ध करायचे. बी-बियाणे, खत, बैल वाटेकऱ्याचे असतील तर पिकाचे ७५ टक्के त्याचे, मालकाचे असतील तर निम्मे. सुमारे १४ लाख नावे अशी नोंदवली गेली. डाव्या आघाडीच्या ३४ वर्षांच्या सत्तेचा पाया हाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सत्ता गेली तीही नोंदीपाशीच. सिंगूरमध्ये २००६ ला मोटार कारखान्यासाठी सुमारे ९९७ एकर जमीन घेताना याच सरकारने १८९४ चा, इंग्रजांच्या काळातला भूसंपादन कायदा वापरला. नोंद असलेल्या बर्गादाराला जमिनीच्या किमतीच्या २५ टक्के, नोंद नसलेल्याला काहीच नाही. ज्या पक्षाने वाटेकऱ्याला कागद दिला, त्याच्याच राज्यात बिनकागदाचा वाटेकरी शिल्लक होता आणि तोच भरडला गेला. पुढे मार्च २००७ मध्ये नंदीग्राममध्ये जमीन संपादनाला विरोध करणाऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला. २०११ ला डाव्या आघाडीला २९४ पैकी ६२ जागा मिळाल्या. उद्योग आणायला नकोत असे मी म्हणत नाही. पण जमीन घेण्यापूर्वी कसणाऱ्यांची नोंद पूर्ण करणे हे त्या सरकारचे पहिले काम होते.

दिल्लीतही तोच धडा मिळाला. २००४ मध्ये मनमोहन सिंग सरकारला बाहेरून पाठिंबा देताना डाव्यांचा जोर किमान समान कार्यक्रमावर होता. रोजगार हमीचे मूळ विधेयक फक्त गरीब कुटुंबांपुरते होते. डाव्यांनी आणि लोकसंघटनांनी लावून धरल्यावर ती अट गळाली आणि मागेल त्या ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता, असा २००५ चा कायदा झाला. आपल्या रोहयोचा, म्हणजे महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा, अनुभव त्यामागे होता. पण जुलै २००८ मध्ये पाठिंबा काढला तो अमेरिकेशी होणाऱ्या अणुकरारावरून. मजुरीच्या थकबाकीवरून काढला असता तर गावातल्या माणसाला कारण कळले असते. २००९ ला डाव्यांच्या जागा ५९ वरून २४ वर आल्या.

श्रीलंकेकडेही याच नजरेने पाहावे. दिसानायके यांना २०१९ मध्ये सुमारे ३ टक्के मते होती, २०२४ ला पहिल्या मोजणीत ४२ टक्के. देशाच्या दिवाळखोरीच्या संतापाने एवढी उडी शक्य झाली. मात्र सरकार आले तरी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेला करार आणि तिजोरीच्या अटी पाळाव्याच लागल्या. तो संताप ओसरल्यावर गावपातळीवर काय नोंदले गेले, त्यावर त्या सरकारचे आयुष्य ठरेल.

आता आपल्या शहराचे. प्रा. एन. डी. पाटील यांची टोलविरोधी लढाई आणि कॉ. गोविंद पानसरे यांनी बांधलेल्या मोलकरणी, फेरीवाल्यांच्या संघटना हा इथल्या डाव्यांचा वारसा. आजच्या काळातला बर्गादार म्हणजे नाक्यावर उभा राहणारा बांधकाम कामगार. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी त्याला मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पण तो आज एका मिस्त्रीकडे, उद्या दुसऱ्याकडे. ९० दिवसांत दहा-पंधरा ठेकेदार होतात. सही द्यायला कुणी तयार नसते, कारण कामगार कागदावर आला की बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकरही कागदावर येतो. मग दलाल पैसे घेऊन खोटे दाखले मिळवून देतात, तपासणी कडक होते आणि खरा कामगार बाहेर राहतो.

इथल्या लाल बावट्याच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक नाक्यावर संध्याकाळी एक वही घेऊन बसावे. तारीख, कामाची जागा, मिस्त्रीचे नाव, दिवसाची मजुरी आणि सोबत काम करणाऱ्या दोघांच्या सह्या. ९० पाने भरली की ती वही घेऊन महापालिकेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या दारात जावे, आणि दाखला नाकारला तर नाकारल्याचे लेखी मागावे.

आपला,
एक नियमित वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर