सण बदलतो तेव्हा वही कोणाच्या हातात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की सांताच्या एल्फांना, म्हणजे गोष्टीतल्या त्याच्या बुटक्या मदतनिसांना, कामे वाटून देण्याचा खेळ मुले खेळतात. कोणी खेळणी रंगवतो, कोणी पत्रे लावतो. त्यात एक काम वाढवावे: सण कसे बदलतात ते टिपणारा एल्फ. पद काल्पनिक असले तरी कामाची रीत खरी आहे आणि मुलांना ती शिकवता येते.

या एल्फाने आधी स्वतःची भावकी तपासावी. आइसलँडमध्ये सांताऐवजी तेरा ‘योलास्वेइनार’, म्हणजे लोककथांतले नाताळचे गडी, येतात. पूर्वी ते खोडकर, चोरटे आणि धाक दाखवायच्या कामाचे होते. त्यांची भीती मुलांना घालू नये, असे फर्मान १७४६ मध्ये निघाले. त्यांची नावे आणि संख्याही ठिकठिकाणी वेगळी असे. १९३२ मध्ये योहानेस ऊर कोटलुम या कवीची कविता छापली गेली आणि तेरा नावे रूढ झाली. आता ते रोज एक असे येऊन खिडकीतल्या बुटात भेट ठेवतात. शेवटच्याचा डोळा मेणबत्त्यांवर असतो. चरबीच्या मेणबत्त्या एके काळी किती मोलाच्या होत्या हे कळल्याशिवाय त्याचा हा हव्यास कळत नाही.

आपल्याकडे दिवाळी होऊन फार दिवस झालेले नसतात, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करावी. मात्र अख्खी दिवाळी घेऊ नये, हाती नुसती गोड वाक्ये येतात. एकच वस्तू घ्यावी, उदाहरणार्थ आकाशकंदील किंवा चकली. घरातल्या तीन पिढ्यांना वेगवेगळे बसवून विचारावे. एकत्र बसवले की आजी बोलते आणि बाकीचे माना डोलावतात. ‘पूर्वी कसे होते?’ हा प्रश्न तर नकोच. त्याऐवजी ‘विकतचा कंदील घरात पहिल्यांदा कोणी आणला? त्या वर्षी घरी का केला नाही?’ असे विचारावे. साल आठवत नसेल तर ७२चा दुष्काळ, १९९३चा किल्लारीचा भूकंप, २६ जुलै २००५चा पाऊस, टाळेबंदी यांच्या आधी की नंतर, हे विचारले की उत्तर बरेच जवळ येते.

सर्वांत जास्त घोळ मापांत होतो. ‘भाजणीला चार वाट्या तांदूळ’ असे लिहून घेतले, पण वाटी कोणती? आजीची पितळी वाटी आणि सुनेची स्टीलची वाटी एका मापाची असेलच असे नाही. म्हणून वाटीत काठोकाठ पाणी भरून ते मिलिलिटरमध्ये मोजावे. ‘मूठभर डाळ’ असेल तर सांगणारीलाच नेहमीसारखी मूठ भरायला सांगावे, ती तीनदा तोलावी आणि तिन्ही आकडे लिहावेत.

कंदिलाचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढावा आणि आतल्या बाजूनेही काढावा. कामट्या दोऱ्याने बांधल्या आहेत की तयार सांगाडा आहे, ते तिथेच दिसते. गेलेल्या गोष्टींइतकीच नव्याने आलेल्या गोष्टींचीही नोंद हवी. हीच बाजू हमखास राहून जाते. कारणही एकावर भागवू नये. थर्माकोलचे मखर गेले त्यामागे २०१८ची राज्याची बंदी आहे, पण त्याच्या जागी घरात काय आले आणि ते कोण करते, हे घरोघरी विचारल्याशिवाय कळणार नाही.

शाळांनी ‘माझा आवडता सण’ या निबंधाऐवजी अशी एक पानभर नोंद मागावी आणि आपण दर सणाला त्यांतली एक छापावी, ही विनंती. नोंदीवर तारीख, गाव, तालुका आणि सांगणाऱ्याचे वय असावे. नाव मात्र त्यांना विचारूनच छापावे.

आपले,
सणांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक